हायड्रोफॉइल फिन घ्यायच्या आधी इंजिनाची उंची मोजा

थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला की नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर जाते, ट्रान्सम (इंजिन टांगलेली मागची भिंत) खाली बसतो, चालवणाऱ्याला समोरचं काही दिसेनासं होतं आणि इंजिन जीव तोडून ओरडत असताना बोट प्लेनवर, म्हणजे पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावायच्या स्थितीत, यायचं नाव घेत नाही. साडेचार-पाच मीटरच्या आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या) बोटींबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. तिच्यावर सर्वांत कमी खर्चाचा आणि झटपट उपाय म्हणून हायड्रोफॉइल फिन विकली जाते. प्रोपेलरच्या वर जी आडवी अँटी-व्हेंटिलेशन प्लेट असते तिच्यावर ही फिन बोल्टने किंवा क्लॅम्पने बसते आणि दोन्ही बाजूंना व मागे पसरते. डोएल-फिन, एसई स्पोर्ट, स्टिंगरे, परमाट्रिम ही त्यातली जास्त दिसणारी नावं.

आमचा निकाल आधीच सांगतो. मागच्या बाजूला जड असलेल्या आणि जेमतेम पुरेल एवढ्याच ताकदीचं इंजिन असलेल्या बोटीवर फिनचा खरोखर गुण येतो. बोट लवकर प्लेनवर येते, कमी वेगातही तिथे टिकते आणि नाळ आपटणं, म्हणजे पोरपॉइझिंग, बऱ्याचदा थांबतं. पण इंजिन चुकीच्या उंचीवर टांगलेलं असेल किंवा प्रोपेलर चुकीचा असेल, तर फिन ती चूक फक्त झाकते आणि वर स्वतःचा अडथळा जोडते. मग लोक म्हणतात, फिनमुळे टॉप स्पीड गेला. तो बहुतेक वेळा उंचीमुळे गेलेला असतो.

बोट अडते कुठे

पाण्यात बसून चालणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीशी बांधलेला असतो. पाण्यातल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ घेऊन १.३४ ने गुणलं की तो वेग नॉटमध्ये मिळतो. १६ फुटांसाठी तो ५.४ नॉट येतो, म्हणजे ताशी सुमारे १० किलोमीटर. त्यापुढे बोटीला स्वतःच्याच नाळेने उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं. साधारण १२ ते १५ नॉटच्या आसपास लहान बोट ती चढण पार करून प्लेनवर येते. मधल्या टप्प्यात इंजिनाची सर्वांत जास्त ताकद खर्च होते, आणि नेमकं तेव्हाच ट्रान्समला वर उचलणारा जोर हवा असतो.

मागची बाजू जड का असते, हे आधी बघावं. जुन्या हलच्या (मुख्य धडाच्या) बोटी हलक्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी आखलेल्या होत्या. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक इंजिन बहुधा जास्त वजनाचं असतं. त्यात बॅटरी मागे, पेट्रोलची टाकी मागे, चालवणारा मागे. पेट्रोल लिटरला सुमारे पाऊण किलो भरतं, म्हणजे २५ लिटरची भरलेली टाकी नुसत्या इंधनाचीच १८-१९ किलो. ती आणि बॅटरी दीड-दोन मीटर पुढे सरकवली तर कित्येक लहान बोटींना दुसरं काहीच लागत नाही. टिलरवर (इंजिनाच्या हँडलवर) चालणाऱ्या बोटीत सर्वांत जड वस्तू म्हणजे चालवणारा स्वतः. हँडलला एक्स्टेन्शन लावून तो एक फळी पुढे बसला की फरक लगेच कळतो. टाकी पुढे नेताना होजची लांबी वाढते, तेव्हा तो कुठे दुमडत नाही ना आणि प्रायमर बल्ब (होजमधला पेट्रोल ढकलणारा रबरी फुगा) घट्ट होतो ना, हे तपासून घ्यायचं. बॅटरीच्या केबल लांबवल्या तर जाडीही वाढवावी लागते, नाहीतर स्टार्टरला पुरेसा करंट मिळत नाही.

बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साचलेलं पाणी, भिजलेला फोम आणि तळाला चिकटलेलं शेवाळ ही कारणं मालकाच्या नजरेतून हमखास सुटतात. बोट आधी छान प्लेनवर येत होती आणि हळूहळू येईनाशी झाली असेल, तर अॅक्सेसरीजकडे वळायच्या आधी तिचं वजन करून घ्या आणि तळ घासून काढा.

उंची मोजायची पद्धत

बोट ट्रेलरवर सपाट जागी घ्या. इंजिनाचा ट्रिम (आत-बाहेर झुकवण्याचा कोन) असा ठेवा की अँटी-व्हेंटिलेशन प्लेट तळाला समांतर येईल. आता एक लांब सरळ पट्टी किंवा अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप कीलला (तळाच्या मधल्या रेषेला) खालून टेकवून मागे प्रोपेलरच्या दिशेने बाहेर काढा आणि पट्टीची वरची कड ते प्लेट हे अंतर मोजा. व्ही-तळाच्या साध्या बोटीत प्लेट तळाच्या रेषेत किंवा तिच्या वर २५ मिलिमीटरपर्यंत असणं ही चांगली सुरुवात. प्लेट रेषेच्या ५० मिलिमीटर खाली निघाली, तर बोट सगळा प्रवास एक जास्तीचा लोखंडी पाय ओढत करते आहे असं समजा.

मोठ्या आउटबोर्डच्या ब्रॅकेटवर उभ्या ओळीत जी भोकं असतात त्यांच्यामध्ये साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. इंजिन एक भोक उचललं म्हणजे एवढं वर गेलं. एकाच वेळी दोन भोकं उचलू नका. एक उचला, चालवून बघा, कूलिंगच्या पाण्याची धार आणि प्रेशर गेज बघा, मग पुढचं. पाणी आत घेणाऱ्या जाळ्या लेगवर (इंजिनाच्या पाण्यात जाणाऱ्या खालच्या भागावर) असतात. त्या हवेत आल्या तर इम्पेलर (पाणी ओढणारा पंखा) कोरडा फिरतो आणि इंजिन तापतं. बोल्ट काढले की प्रत्येक भोकात नवीन पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. जुनं वापरात नसलेलं भोक इपॉक्सीने बंद करायचं, नाहीतर ट्रान्सममधल्या लाकडात पाणी मुरतं आणि पुढचा खर्च फिनच्या कितीतरी पट होतो.

पाण्यावरची खूण आणखी सोपी आहे. बोट प्लेनवर आली की सोबतच्या माणसाने मागे बघावं, चालवणाऱ्याने नव्हे. प्लेट दिसली पाहिजे, आणि तिच्यावरून पाण्याचा पातळ थर घसरत गेला पाहिजे. प्लेट दिसतच नसेल तर इंजिन खाली आहे. प्लेट पूर्ण कोरडी असेल आणि वळणावर इंजिनाचा आवाज एकदम चढत असेल तर इंजिन वर आहे. तो चढलेला आवाज म्हणजे व्हेंटिलेशन. वरून हवा किंवा एक्झॉस्टचा वायू प्रोपेलरच्या पात्यांत ओढला जातो आणि पकड सुटते. कॅव्हिटेशन हे त्याहून वेगळं. त्यात दाब फार कमी झाल्याने पात्याच्या पाठीवर पाणीच उकळतं, बुडबुडे फुटतात आणि धातू खरवडला जातो. बोलताना दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, पण उपाय वेगळे आहेत. पहिल्याला फिनचा उपयोग होतो. दुसऱ्याला प्रोपेलरची दुरुस्ती किंवा बदल लागतो.

फिन नेमकं काय करते

ट्रान्सम सोडल्यावर पाणी मागे थोडं वर चढतं. फिन त्या चढत्या पाण्यात असते, म्हणून बोट चढणीवर असताना तिला खालून जोर मिळतो आणि ट्रान्सम उचलला जातो. शिवाय प्रोपेलरच्या डोक्यावरचं छप्पर रुंद झाल्याने वरची हवा आत ओढली जाणं कमी होतं. वळणावर पकड सुटत असेल तर हा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोलाचा ठरतो.

आता महत्त्वाचं. फिन लेगला जोडलेली आहे, म्हणून ट्रिमबरोबर तिचा कोन बदलतो. लेग ट्रान्समकडे आत घेतला की फिनची पुढची कड वर जाते, मागची कड खाली येते आणि पाणी खालून आपटून मागची बाजू उचलतं. लेग बाहेर काढला की उलट होतं. फिन मागच्या बाजूला खाली दाबते आणि नाळ जास्त वर येते. म्हणजे ट्रिमचा जो परिणाम आधी प्रोपेलरच्या जोरामुळे होत होता, त्यात फिनचा परिणाम त्याच दिशेने मिसळतो. पॉवर ट्रिमचं बटण आधी दोन सेकंद दाबत असाल तर आता अर्ध्या सेकंदाच्या टिचक्या द्याव्या लागतील. ही सवय बदलली नाही तर बोट बिघडल्यासारखी वाटते, आणि फिन काढून टाकणाऱ्यांपैकी अनेकांचं इथेच बिनसतं.

पॉवर ट्रिम नसलेल्या लहान इंजिनात ब्रॅकेटमधली पिन हाच ट्रिम. फिन बसवल्यावर पिन आधीच्याच भोकात ठेवून एक फेरी करा. नाळ खाली रुतत असेल तर पिन एक भोक बाहेर न्या.

कोणती फिन

एसई स्पोर्ट दोन मुख्य मापांत मिळते. २०० हे मॉडेल ८ ते ४० एचपीच्या इंजिनांसाठी, ३०० हे त्याहून मोठ्यांसाठी. प्लास्टिकची एकसंध बांधणी, मागे पसरट भाग मोठा, त्यामुळे चढणीवर जोर चांगला मिळतो. मूळ पद्धत भोकं पाडून बसवण्याची आहे. भोकं नको असतील त्यांच्यासाठी वेगळी क्लिप मिळते. आमच्या मते लहान जड बोटीसाठी ही पहिली पसंती, फक्त माप इंजिनाप्रमाणे घ्यावं. ३० एचपीवर मोठं मॉडेल लावून जास्त फायदा होईल हा समज चुकीचा आहे. जास्तीचं क्षेत्रफळ प्लेटवर जास्तीचा ताण देतं आणि स्टिअरिंग जड करतं.

डोएल-फिन डावी आणि उजवी अशा दोन तुकड्यांत येते. दोन तुकडे असल्याने वेगवेगळ्या आकाराच्या प्लेटवर ती बसवता येते, जुन्या इंजिनांसाठी ही सोय मोठी आहे. पण दोन्ही तुकडे तंतोतंत एका रेषेत बसवण्याची जबाबदारी बसवणाऱ्यावर येते. एक बाजू चार-पाच मिलिमीटर मागे राहिली तरी बोट वेगात एका अंगाला कलते आणि मग दोष स्टिअरिंगला दिला जातो.

स्टिंगरेच्या काही मॉडेलांना भोकं पाडावी लागत नाहीत, ती प्लेटच्या कडेला आवळून बसतात. वॉरंटीत असलेल्या इंजिनासाठी हा मार्ग समंजस आहे, कारण प्लेटला भोकं पाडल्यावर त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. क्लॅम्पची पकड मात्र प्लेटची जाडी आणि कडेचा आकार यावर अवलंबून असते. फिन किंचित जरी हलत राहिली तर तिच्याखालचा रंग घासला जातो, उघड्या अॅल्युमिनियमवर खारं पाणी बसतं आणि पांढरी भुकटी दिसू लागते. अशी फिन वर्षातून एकदा काढून खालचा रंग बघितलाच पाहिजे.

परमाट्रिम वेगळ्या जातीची आहे. ती मरीन अॅल्युमिनियमची पूर्ण प्लेट असते, इंजिनाच्या मॉडेलप्रमाणे कापलेली. ती वाकत नाही, त्यामुळे ट्रिमला मिळणारा प्रतिसाद प्लास्टिकपेक्षा नेमका असतो, आणि खवळलेल्या पाण्यात नाळ खाली धरून चालवायची असेल तेव्हा तो नेमकेपणा कामाचा ठरतो. जड कामाच्या बोटीला आम्ही हीच सुचवू. तिचा तोटाही त्याच गुणातून येतो. दगडावर किंवा तरंगत्या ओंडक्यावर आपटली तर प्लास्टिकची फिन तुटून धक्का पिते, अॅल्युमिनियमची प्लेट तोच धक्का लेगच्या ओतीव भागाकडे पाठवते. उथळ, खडकाळ पाण्यात प्लास्टिक बरं.

बसवताना

आधी फिन नुसती ठेवून बघा. इंजिन पूर्ण टिल्ट करा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. फिनची पुढची टोकं ट्रान्समला, शिडीला, ट्रिम टॅबला (ट्रान्समच्या तळकडेला बसणाऱ्या हलत्या पातीला) किंवा ट्रेलरच्या सपोर्टला लागत असतील तर ते आत्ताच कळायला हवं. दोन इंजिनं असतील तर दोघांच्या फिन वळताना एकमेकींना भिडत नाहीत ना हेही बघा.

इंजिनाची चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा, प्रोपेलर उतरवा. प्लेट साबणाने धुऊन, पुसून, थिनरने तेलकटपणा काढून घ्या. प्लेटखाली अॅनोड (लेगऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) असतो, काही इंजिनांत याच भागात पाण्याच्या वाटा किंवा वेग मोजण्याचं छिद्र असतं. फिन यातलं काहीही झाकणार नाही अशीच बसली पाहिजे. ओतीव लेगच्या लगतचा जाड भाग ड्रिलपासून दूर ठेवा, कारण त्याच्या आत एक्झॉस्ट आणि पाण्याचे मार्ग असतात. भोकं फक्त प्लेटच्या पातळ, दोन्ही बाजूंनी मोकळ्या भागात.

फिन पुढे सरकवून लेगला टेकवा. मध्यरेषेपासून दोन्ही मागच्या टोकांचं अंतर मोजा. फरक १-२ मिलिमीटरच्या आत आणा. मास्किंग टेप लावून खुणा करा, सेंटर पंच मारा, कारण वळणदार रंगीत पृष्ठभागावर ड्रिलचं टोक घसरतं. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग बोल्टच्या मापाचं. पाव इंच किंवा ६ मिलिमीटरच्या बोल्टला ६.५ मिलिमीटर पुरतं. चारही भोकं एकदम पाडू नका. पुढचं एक पाडा, बोल्ट सैल अडकवा, पुन्हा माप घ्या, मग समोरच्या बाजूचं पाडा. भोकाची कड प्लेटच्या कडेपासून किमान १२ मिलिमीटर आत असावी. कडेच्या फार जवळचं भोक म्हणजे पुढे तडा जाण्याची ठरलेली जागा.

भोकाच्या कडा गोल फाइलने साफ करा आणि उघड्या अॅल्युमिनियमला प्रायमर लावून वाळू द्या. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असतात, प्लेट अॅल्युमिनियमची, आणि खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून बोल्टच्या दांड्याला आणि वॉशरखाली टेफ-जेल किंवा ड्युरॅलॅकसारखी पेस्ट हवीच. नायलॉक नट वापरा आणि एकदा काढलेला नायलॉक नट परत लावू नका. फिनसोबतच्या पत्रकात वेगळं सांगितलं नसेल तर बोल्टचं चपटं डोकं खाली आणि नट वर ठेवावा. प्लेटखालून जाणारं पाणी थेट प्रोपेलरमध्ये शिरतं, तिथे जितके कमी उंचवटे तितकं चांगलं. प्लास्टिकवर नट आवळताना वॉशर रुतेपर्यंत ताकद लावायची नाही. प्लास्टिक दाबाखाली थोडं बसतं, म्हणून पहिल्या काही तासांच्या वापरानंतर पुन्हा एकदा आवळून घ्यायचं.

पाण्यावर तपासणी

फिन बसवायच्या आधीचे आकडे लिहून ठेवलेले नसतील तर नंतरच्या मताला किंमत नाही. नेहमीच्या वजनाने, नेहमीच्या इंधनाने, शांत पाण्यात चार गोष्टी नोंदवा. उभ्या बोटीपासून प्लेनवर यायला लागलेले सेकंद, थ्रॉटल हळूहळू कमी करत आणताना बोट प्लेनवरून खाली बसते तो वेग, पूर्ण थ्रॉटलला आरपीएम, आणि जीपीएसवरचा टॉप स्पीड. वारा आणि प्रवाह यांचा हिशोब चुकू नये म्हणून जाऊन-येऊन दोन्ही दिशांची सरासरी घ्या. किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी अंगाला लावलेली असू द्या, कारण पहिल्या फेरीत बोट अनोळखी वागणार आहे.

बसवल्यावर पहिल्या दोन आकड्यांत स्पष्ट सुधारणा दिसली पाहिजे. टॉप स्पीड तेवढाच राहिला किंवा अगदी किंचित घटला तर सगळं ठीक. तो ठळक घटला तर फिन वेगातही पाण्यात खोल आहे, तेव्हा इंजिन एक भोक वर घ्या. फिनमुळे व्हेंटिलेशनला आळा बसतो, त्यामुळे आधी ज्या उंचीवर पकड सुटत होती तिथे आता ती टिकते. उंची आणि फिन असे एकत्र जुळवले की घटलेला वेग बहुधा परत येतो. अनेकजण फिन लावून इथेच थांबतात आणि अर्धाच फायदा घेतात.

बिघडतं कुठे, तेही स्पष्ट सांगायला हवं. मागून येणाऱ्या लाटांत लेग पूर्ण आत ठेवून धावणं फिन असलेल्या बोटीला धोक्याचं आहे. मागची बाजू आधीच उचललेली असते, त्यात लाट आणखी उचलते, नाळ खाली रुतते आणि सुकाणूचं काम नाळच करायला लागते. बोट अचानक एका बाजूला वळते. अशा वेळी थ्रॉटल एकदम सोडायचा नाही, थोडा कमी करून ट्रिम बाहेर काढायचा. पूर्ण वेगात तीव्र वळण घेतानाही आतल्या बाजूची फिन पाण्यात चावते आणि बोट अपेक्षेपेक्षा जास्त झटक्याने वळते. सोबत बसलेल्यांना ते आधी सांगून ठेवावं. रिव्हर्समध्ये रुंद फिनला पाण्याचा विरोध जास्त होतो आणि ट्रान्सम खाली ओढला जातो, म्हणून कमी उंचीच्या ट्रान्समवर रिव्हर्स हळूच. पाणवनस्पती आणि जाळ्यांच्या दोऱ्याही तिच्या टोकांना जास्त अडकतात.

ज्या बोटी मुळातच वेगवान आहेत आणि ज्यांची प्लेट टॉप स्पीडला पाण्याच्या वर असते त्यांना फिन लावू नये. वेगात तिचा उपयोग शून्य, आणि उडी मारून परत पाण्यात पडताना ती एकदम चावली तर बोट हातातून जाते. वेगात डाव्या-उजव्या अंगाला डोलणारी बोट, ज्याला चाइन वॉक म्हणतात, तिचाही इलाज फिन नाही. तिथे स्टिअरिंगमधला सैलपणा, इंजिनाची उंची आणि वजनाची मांडणी बघावी.

ट्रिम टॅब कधी

फिन मध्यभागी काम करते, म्हणून ती बोटीचा एका अंगाचा कल सुधारू शकत नाही. चालवणारा उजवीकडे बसतो, बॅटरीही उजवीकडे, आणि बोट कायम उजवीकडे झुकून चालते, तर उत्तर ट्रिम टॅब हेच. बेनेटचे हायड्रॉलिक आणि लेंकोचे इलेक्ट्रिक टॅब दोन्ही बाजूंना स्वतंत्र हलतात. मापाचा रूढ ठोकताळा असा की बोटीच्या प्रत्येक फुटामागे प्रत्येक बाजूच्या टॅबची रुंदी एक इंच, म्हणजे १८ फुटांच्या बोटीला दोन्ही बाजूंना १८ इंच रुंद आणि सहसा ९ इंच लांब. इंजिनामुळे ट्रान्समवर एवढी जागा नसेल तर कमी रुंद पण १२ इंच लांब टॅब घ्यावे. चाइनपासून (तळ आणि बाजू मिळतात त्या कडेपासून) सुमारे ७५ मिलिमीटर आत आणि तळाच्या कडेपासून सुमारे ६ मिलिमीटर वर बिजागरी यावी. ती कडेच्या खाली लोंबली तर टॅब वर घेतलेला असतानाही पाणी अडवत राहतो.

नॉटिकसचे स्मार्ट टॅब हा मधला मार्ग आहे. त्यात ना पंप ना वायर, गॅसचा दट्ट्या टॅबला खाली दाबून ठेवतो आणि वेग वाढला की पाण्याचा दाबच टॅबला वर ढकलतो. लहान बोटीवर ते मनापासून आवडतात, कारण चालवणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. पण दट्ट्याचा जोर बोटीच्या वजनाप्रमाणे निवडावा लागतो. जास्त जोराचा घेतला तर टॉप स्पीडलाही टॅब पूर्ण वर जात नाही आणि नाळ खालीच राहते. ते एका अंगाचा कल चालता चालता सुधारू शकत नाहीत, हेही ध्यानात ठेवावं. झिपवेकसारखे इंटरसेप्टर, म्हणजे ट्रान्समच्या कडेला सरळ खाली सरकणारी पाती, उत्तम काम करतात. मात्र कायम पाण्यात उभ्या असणाऱ्या बोटीत पात्याच्या फटीत शिंपले वाढतात आणि ती अडकते, तेव्हा साफसफाईची तयारी हवी.

जॅकप्लेट आणि प्रोपेलर

जॅकप्लेट, म्हणजे ट्रान्सम आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारा ब्रॅकेट, इंजिन मागे नेते आणि वर-खाली करू देते. मागे गेलेल्या दर ८ ते १० इंचांमागे इंजिन साधारण एक इंच वर घेता येतं, कारण तिथे पाणी तेवढं चढलेलं असतं. वेगासाठी हे छान. पण आपली मूळ तक्रार मागच्या जडपणाची असेल तर जॅकप्लेट इंजिनाचं वजन आणखी मागे नेते आणि चढण वाढवते. अशा बोटीला ती सुचवणाऱ्याचं ऐकू नये.

प्रोपेलरची तपासणी मात्र प्रत्येकाने करावी. पूर्ण थ्रॉटलला, नेहमीच्या वजनाने, इंजिन त्याच्या पुस्तकात दिलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात, शक्यतो वरच्या अर्ध्यात पोचलं पाहिजे. पिच (एका फेऱ्यात प्रोपेलर सैद्धांतिकदृष्ट्या जेवढा पुढे जातो ते अंतर) एक इंच कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० वाढतो. पट्टा ५,००० ते ६,००० चा असेल आणि इंजिन ४,८०० वरच थांबत असेल, तर दोन-तीन इंच कमी पिच हा फिनपेक्षा योग्य इलाज आहे. त्या इंजिनाला चढणीवर श्वासच मिळत नाही. स्लिप, म्हणजे सैद्धांतिक आणि खऱ्या वेगातली तूट, काढायचा तर आरपीएमला पिचच्या इंचांनी गुणा आणि गिअर रेशो गुणिले ६५६ ने भागा, ताशी किलोमीटरमध्ये सैद्धांतिक वेग येतो. ५,५०० आरपीएम, १३ इंच पिच आणि २ चा रेशो धरला तर ५४.५ येतात. जीपीएस ४७ दाखवत असेल तर स्लिप जवळपास १४ टक्के, म्हणजे व्ही-तळाच्या साध्या बोटीला ठीकच. तोच आकडा २५ टक्क्यांवर गेला तर पात्याची कड दुमडलेली आहे का, हबचं रबर घसरतंय का, इंजिन फार वर आहे का, हे क्रमाने बघा. तीन पात्यांऐवजी चार पात्यांचा प्रोपेलर घेतला तर ट्रान्समला उचल मिळते, वळणावर पकड टिकते, आणि टॉप स्पीड थोडा जातो. फिनसाठी भोकं पाडायची नसतील त्यांच्यासाठी हा सर्वांत स्वच्छ पर्याय. पिच सहसा एक इंच कमी घ्यावा लागतो.

इंजिन वर घेतल्यावर एक तक्रार हमखास येते, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. प्लेटखालचा छोटा तिरका अॅनोड याच ओढीवर उतारा म्हणून दिलेला असतो. बोट उजवीकडे ओढत असेल तर त्याची मागची कड उजवीकडे फिरवायची, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. एका वेळी थोडंच फिरवा, बोल्ट आवळा, नेहमीच्या वेगाला चालवून बघा. काही इंजिनांत त्याचा बोल्ट प्लेटच्या वरून लागतो आणि फिन नेमकी त्या भोकावर बसते, म्हणून ही जुळणी फिन कायमची आवळायच्या आधी करून घ्यावी, किंवा फिनमध्ये पाना जाईल एवढं भोक ठेवावं. तो अॅनोड अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर त्याच वेळी नवा लावा, आणि त्याला रंग कधीही लावू नका. रंगवलेला अॅनोड झिजत नाही, मग त्याच्याऐवजी लेग झिजतो.